हॉलसाठी सबवूफर (फक्त खालचे स्वर वाजवणारा स्पीकर): एक मोठा १५ इंची घेऊ, की दोन १० इंची? (बाबांच्या खुर्चीत डग्गा हरवतो)

संथलय

नमस्कार मंडळी. निर्णय अडलाय म्हणून सविस्तर लिहितो.

आमचा हॉल १७ फूट बाय ११ फूट, उंची साडेनऊ. आरसीसी भिंती, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. टीव्ही ११ फुटी भिंतीवर, सोफा बरोबर समोरच्या भिंतीला टेकून. डावीकडे खिडकी आणि खिडकीशी बाबांची खुर्ची. ती मागच्या भिंतीपासून साधारण सव्वाचार फूट पुढे येते. दोन बुकशेल्फ स्पीकर आणि एक १० इंची पोर्टेड (हवेसाठी नळी असलेला) सब, तो टीव्हीच्या उजवीकडच्या कोपऱ्यात. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला, म्हणजे त्याखालचे स्वर सबकडे.

बाबांनी तरुणपणी बरीच वर्षं तबला शिकलेला. आता वाजवणं होत नाही, पण संध्याकाळी दीड-दोन तास ऐकणं ठरलेलं. गेल्या दिवाळीपासून ते म्हणायला लागले, "हा 'धा' वाजवतोय की 'ना'? यातला 'गे' कुठे गेला?" मी सोफ्यावर. मला 'गे', म्हणजे डग्ग्याचा बोल, ऐकू येत होता, उलट जरा जास्तच घुमत होता. मला वाटलं वयामुळे असेल. त्यांना घेऊन जाऊन कान तपासून आणले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत.

मग एकदा ते गावाला गेले असताना मी त्यांच्या खुर्चीत बसलो. तीच बंदिश, तोच आवाज, आणि डग्गा खरंच गायब. थाप ऐकू येते, तिच्यामागचा घुमार नाही. चार फूट मागे सोफ्यावर गेलो की भरभरून. इतके महिने त्यांचं म्हणणं मी त्यांच्या कानांवर ढकलत होतो, याचं फार वाईट वाटलं.

दुकानात विचारलं तर सांगितलं, "तुमचा सब छोटा पडतोय. १५ इंची घ्या, खड्डा भरून जाईल." माझा हिशोब असा, की आत्ताचा सब विकून एक १५ इंची घ्यायचा, नाहीतर तो ठेवून त्याच मॉडेलचा दुसरा घ्यायचा. दुसऱ्या पर्यायात पैसे थोडे कमीच लागतील. काय करावं?

नाशिककर

माझ्याकडे १५ इंची सील्ड (बंद पेटीचा) आहे आणि मी त्यावर खूश आहे, म्हणून मोठ्याची बाजू आधी मांडतो.

बास म्हणजे शेवटी हवा ढकलणं. १० इंची कोनचं (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याचं) प्रत्यक्ष क्षेत्रफळ साधारण ३४० चौरस सेंटिमीटर, १५ इंचीचं ८००च्या पुढे. म्हणजे दोन १० इंची मिळूनही एका १५ इंचीला गाठत नाहीत. शिवाय एक सप्तक खाली उतरलात, समजा ४० वरून २० हर्ट्झला, तर तेवढ्याच आवाजासाठी चौपट हवा हलवावी लागते. सिनेमातला भूकंप, जहाजाचं इंजिन, पाइप ऑर्गनच्या तळाच्या नळ्या, हे सगळं तिथे राहतं. छोटा सब तिथे धापा टाकतो, त्याच्या पोर्टमधून फुसफुस येते. मोठा सब त्याच कामात निम्मासुद्धा हलत नाही, त्यामुळे आवाज स्वच्छ राहतो.

मात्र माझ्या खोलीत खुर्ची एकच आहे. त्या एका जागेसाठी मी सब कुठे ठेवायचा ते शोधलं. सब खुर्चीच्या जागी ठेवला, डग्ग्याचं आणि बास गिटारचं रेकॉर्डिंग लावलं आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरत ऐकलं. जिथे सगळ्यात सलग वाटला तिथे सब गेला. तुमच्याकडे ऐकणारे किती आणि बसतात कुठे, यावर बरंच अवलंबून आहे.

ओहम

@संथलय, दुकानदाराचं म्हणणं चुकीचं आहे, आणि ते कशामुळे हे समजून घेतलंत तर तुमचे पैसे वाचतील.

आधी तुमच्या हॉलचं गणित. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की खोलीचा त्या दिशेचा पहिला अनुनाद, म्हणजे खोली स्वतः घुमते तो स्वर, मिळतो. तुमची लांबी ५.१८ मीटर, म्हणजे ३३ हर्ट्झ. दुसरा त्याच्या दुप्पट, ६६. रुंदीचा पहिला ५१, उंचीचा ५९.

आता पाण्याचा लांबट हौद डोळ्यांसमोर आणा. एका टोकाने पाणी हलवलंत की एक कड वर येते तेव्हा दुसरी खाली जाते, आणि मधोमध पाण्याची पातळी हलत नाही. हा ३३चा अनुनाद. हौद थोडा वेगाने हलवलात तर दुसरा आकार दिसतो. दोन्ही कडा एकदम वर, मध्य खाली, आणि लांबीच्या पाव आणि पाऊण अंतरावर पातळी स्थिर. हा ६६चा. १७ फुटांचा पाव भाग सव्वाचार फूट. बाबांची खुर्ची मागच्या भिंतीपासून किती म्हणालात?

सोफा भिंतीला टेकलाय, म्हणजे कडेला. तिथे ६६चा फुगवटा. बाबा बसतात तिथे त्याच ६६चा खड्डा. तुमचे दोघांचेही कान चांगले आहेत. आणि वयानुसार आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी होतं, डग्गा जायचं कारण नव्हतं.

खड्ड्यात ध्वनी कमी पडलेला नसतो. सरळ आलेली आणि भिंतीवरून परतलेली लाट तिथे एकमेकींना खोडतात. सब दुप्पट ताकदीचा आणलात तर दोन्ही लाटा दुप्पट होतील आणि तितक्याच खोडल्या जातील. बाबांना 'गे' मिळणार नाही, सोफ्यावर मात्र कान बधिर होतील. इक्वलायझरनेही खड्डा भरत नाही. त्याने फुगवटा कापता येतो, तेवढंच.

हरमन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली म्युनिकला ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात नेमक्या याच प्रश्नावर निबंध वाचला होता, घरात किती सबवूफर पुरेत यावर. आयताकृती खोलीत असंख्य मांडण्या संगणकावर तपासून त्यांना दिसलं, की चार भिंतींच्या मध्यावर चार सब ठेवले तर वेगवेगळ्या खुर्च्यांतला फरक खूप कमी होतो. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तरी बरंच साधतं, आणि चाराच्या पुढे वाढवून फारसं हाती लागत नाही. २००६ साली त्यांनी आणि ॲलन डेव्हंटियर यांनी हे काम पुढे नेलं.

तर माझं मत, दोन १० इंची. पण घ्यायच्या आधी मोजा. आरईडब्ल्यू हे खोलीतला आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, फक्त कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक लागेल. दुसरा सब कुणाकडून आठवडाभर आणता आला तर टीव्हीच्या भिंतीच्या मध्यावर एक आणि सोफ्यामागे मध्यावर दुसरा, असं करून बघा.

कायदा_रेला

बाबांचं वाक्य वाचून थांबले, म्हणून लिहिते. मी तबला शिकते. 'धा' म्हणजे उजव्या हाताचा 'ना' आणि डाव्याचा 'गे' एकदम. 'गे' गेला की 'धा'चा 'ना' होतो, 'धिं'चा 'तिं' होतो. तीनतालात 'खाली' (टाळीविना दाखवायची जागा) कुठे आली हे कान ओळखतो तो डग्गा बंद झाल्यामुळे, नाहीतर भरी आणि खाली सारखीच वाटेल. तेव्हा बाबांसाठी हा थोडा बास कमी असण्याचा प्रश्न नाही, तालाचं अर्धं अंगच दिसेनासं झालंय.

आणखी एक. डग्ग्याचा स्वर एका जागी राहत नाही. मनगटाचा दाब वाढवत हात पुढे सरकवला की स्वर वर चढतो, घिस्सा म्हणतो आपण त्याला. खोलीत एखाद्या ठिकाणी खड्डा असेल तर तो स्वर चढता चढता मध्येच बुडतो आणि पुन्हा वर येतो. सब तपासायला सिनेमाचे स्फोट लावू नका. एकल तबल्याचं चांगलं रेकॉर्डिंग लावा, ज्यात डावा भरपूर आहे. ओळखीच्या वाद्यात खोट लगेच कळते.

तानपुऱ्यानेही बघता येईल. काळी एक पट्टीत खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे तुमच्या खड्ड्याला लागूनच. पण तानपुऱ्यात वरचे स्वयंभू स्वर इतके भरलेले असतात, की मूळ स्वर कमी झाला तरी कान फसतो. डग्गा फसवत नाही.

जर्सीकर

मी न्यू जर्सीत बेसमेंटमध्ये चार १२ इंची लावलेत, चार भिंतींच्या मध्यावर. सहा माणसं बसतात, सगळ्यांना जवळजवळ सारखं ऐकू येतं. त्यामुळे ओहम यांच्याशी सहमत.

पण भारतात राहणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. इथली घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून बांधलेली. त्या भिंती बासबरोबर स्वतः थरथरतात आणि बराच बास गिळतात किंवा बाहेर सोडतात. तुमच्या काँक्रीटच्या भिंती काहीच गिळत नाहीत, सगळा परत फेकतात. म्हणून तुमच्याकडे फुगवटे जास्त उंच, खड्डे जास्त खोल, आणि एकदा उठलेला स्वर विझायला वेळ लागतो. पुण्यातल्या घरी मी हाच प्रकार अनुभवलाय. इथल्या लोकांनी १५ आणि १८ इंचींची शिफारस केली की ती त्यांच्या पोकळ भिंतींसाठी असते हे लक्षात ठेवा. बंद काँक्रीटच्या खोलीत तळाचा बास आपोआप चढतो, तिथे १० इंचीसुद्धा पुष्कळ होतो. कोकणातल्या कौलारू घरात हेच उलटं होईल, तिथे बास कौलांतून निघून जातो आणि मोठा सब कामाला येईल.

तिसरा_मजला

शेजाऱ्यांच्या बाजूने दोन शब्द. आमच्या वरच्या मजल्यावर असा एक मोठा सब आहे. गाणं कोणतं ते मला कळत नाही, फक्त छताला ठोके बसतात. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे, पण ती मोजतात डीबी-ए मापाने, आणि त्या मापात ६३ हर्ट्झचा आवाज २६ डेसिबल वजा करून धरला जातो. म्हणजे नियमात बसूनही खालच्या घरातलं बाळ जागं होऊ शकतं. @संथलय, काहीही घेतलंत तरी एकदा खालच्या घरात जाऊन स्वतः ऐकून या, एवढी विनंती.

संथलय

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे गेले, पण जे केलं ते मोजून केलं.

माइक आणला. सोफ्यावर ६६ला मोठा डोंगर, बाबांच्या खुर्चीत ६४ ते ७१पर्यंत दरी, बाकीच्या रेषेच्या १४ डेसिबल खाली. ओहम, तुम्ही न बघता सांगितलंत ते कागदावर उमटलेलं बघून अंगावर काटा आला.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे हाच सब आहे, त्याने आठवडाभर दिला. माझा कोपऱ्यातून काढून टीव्हीच्या भिंतीच्या मध्यावर आणला (त्यासाठी युनिट दीड फूट सरकवावं लागलं), आणि त्याचा सोफ्यामागे मध्यावर ठेवला. ३३चा फुगवटा दोन्ही जागी छान उतरला. ५१चाही गेला. पण बाबांच्या खुर्चीतली ६६ची दरी जशीच्या तशी आहे, किंबहुना दोन डेसिबल खोल झाली. बाबांना काही सांगितलं नव्हतं. पाच मिनिटं ऐकून ते म्हणाले, "नाही रे." आता काय? १५ इंचीच घेऊ का?

ओहम

थांबा, १५ इंची घेऊ नका. चूक माझी आहे. मी सरधोपट मांडणी सांगितली, तुमच्या अडचणीची नाही. वेल्टींचे निष्कर्ष खोलीच्या मधल्या भागात बसणाऱ्यांसाठी काढलेले होते. तुमच्याकडे एक जण भिंतीला टेकून आणि एक जण पाव अंतरावर.

पुन्हा हौदाकडे या. दोन्ही टोकांना एकाच क्षणी पाणी वर ढकललंत, तर पहिला आकार तयारच होत नाही, कारण त्याला एक कड वर आणि दुसरी खाली हवी असते. म्हणून ३३ उतरला. दुसऱ्या आकाराला मात्र दोन्ही कडा एकदम वरच हव्या असतात. म्हणजे आपण दोघांनी मिळून ६६ला हातभार लावला. दरी खोल झाली ती त्यामुळेच.

६६ मोडायचा तर एक सब टोकाला हवा आणि दुसरा लांबीच्या मध्यावर. टोकाला पाणी वर हवं असतं तेव्हा मध्याला खाली हवं असतं. दोघांनी एकदम वर ढकललं की तो आकार उभाच राहत नाही. तर सोफ्यामागचा सब काढा आणि खिडकीसमोरच्या लांब भिंतीच्या मध्यावर, टीव्हीच्या भिंतीपासून साडेआठ फुटांवर ठेवा. रुंदीचा ५१ थोडा वर येईल, तो कापता येईल. ३३ही पहिल्याइतका दबणार नाही, पण तो सोफ्यावर आणि खुर्चीत दोन्हीकडे चढलेला असेल, त्यामुळे एकच काप दोघांना चालेल.

दोन्हींचा फेज (लाट किती मागेपुढे निघते ते ठरवणारं बटण) शून्यावर, आवाजाचं बटण एकाच खुणेवर. तुमच्या रिसीव्हरला दोन सब-आउट असले तरी बऱ्याच मधल्या किमतीच्या मॉडेलांत दोन्हींतून एकच सिग्नल येतो, इथे तेच हवंय. रिसीव्हर प्रत्येक सबला वेगळं अंतर धरून वेगळा विलंब देत असेल तर तो आधी बंद करा. ६६ हर्ट्झला सहा मिलिसेकंदांचा फरकही सगळा डाव उलटवतो.

नाशिककर

आणि हे दोन्ही सब एकाच जातीचे आहेत हे फार बरं झालं. माझ्या भावाने एक पोर्टेड आणि एक सील्ड जोडले होते. पोर्टेडचा फेज ट्यूनिंगच्या (त्याची नळी ज्या स्वराला घुमते त्याच्या) आसपास झपाट्याने फिरतो, सील्डचा तसा फिरत नाही. ३० हर्ट्झजवळ ते एकमेकांना खात राहिले. शेवटी एक विकला.

माझं आधीचं म्हणणं थोडं बदलतो. माझ्या एका खुर्चीसाठी १५ इंची बरोबर होता. इथे तो चुकला असता.

संथलय

काल संध्याकाळी केलं.

त्या भिंतीच्या मध्यावर पुस्तकांचं कपाट होतं. ते रिकामं करून तीन फूट पुढे सरकवलं. पलीकडे बेडरूमच्या पॅसेजचं तोंड आहे, त्यामुळे सब बरोबर साडेआठ फुटांवर बसला नाही, आठावर बसला. मोजलं. बाबांच्या खुर्चीत ६६ची दरी चार डेसिबलवर आली. सोफ्यावरचा डोंगर जवळजवळ सपाट झाला, आणि गंमत म्हणजे सोफ्यावरही संगीत पहिल्यांदाच मोकळं वाटलं. इतकी वर्षं त्या घुमण्यालाच मी भरपूर बास समजत होतो. ५१ आणि ३३ रिसीव्हरच्या इक्वलायझरने थोडे कापले.

खालच्या घरात जाऊन ऐकून आलो. एकूण आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवता येतोय, कारण आता बाबांना ऐकू यावं म्हणून वाढवावा लागत नाही. काकू म्हणाल्या, तबला ऐकू येतो पण त्रास नाही.

बाबांना या वेळीही काही सांगितलं नाही. एकल तबल्याचं जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. पेशकार सुरू झाला. पहिली दोन-तीन आवर्तनं ते नुसते बसून होते. मग त्यांचा डावा हात खुर्चीच्या हातावर आडवा झाला, आणि मनगट लाकडावर दाबत हळूहळू पुढे सरकायला लागलं. घिस्सा. डोळे मिटलेले होते. तबला संपेपर्यंत मी तिथून हललो नाही.

दुसरा १० इंची आज मागवला. सहकाऱ्याचा रविवारी परत करणार. आता एक शंका उरलीय. टीव्हीपासून त्या भिंतीपर्यंत आरसीए वायर साधारण २० फूट होईल, वाटेत बाल्कनीचं सरकतं दार येतं. काल तात्पुरती टाकली होती तेव्हा दुसऱ्या सबमधून बारीक गुणगुण येत होती. काय करू?

ओहम

वाचून फार बरं वाटलं. बाबांना माझा नमस्कार सांगा.

गुणगुण बहुधा अर्थिंगच्या लूपची आहे. दोन्ही सब आणि रिसीव्हर एकाच बोर्डावरून चालवून बघा, लांब एक्स्टेन्शन लागली तरी चालेल. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. सिग्नलची वायर विजेच्या वायरला समांतर नेऊ नका, ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडा. चांगल्या शील्डची आरसीए घेतलीत तर २० फूट काहीच नाही. दाराच्या रुळावरून वायर नेऊ नका, चिरडेल. उलट बाजूने, टीव्हीच्या भिंतीच्या स्कर्टिंगवरून कोपऱ्यात आणून लांब भिंतीच्या स्कर्टिंगवर पट्टीत बसवा. किती लागेल ते मोजूनच मागवा.